गल्ला वेगळा, घर वेगळे

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. ‘धंदा सुरू करायचा आहे, कर्ज कुठे मिळेल?’ पत्र पाथर्डीचे असो की श्रीरामपूरचे, अक्षर वेगळे असते, प्रश्न तोच. काही पत्रांत तर कोणता धंदा करायचा हेही लिहिलेले नसते. धंदा तुम्हीच सुचवा, पण कर्ज मात्र नक्की मिळवून द्या, असा एकूण सूर असतो. वाचकहो, कर्जाचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. आमच्या हिशेबाने तो चौथा किंवा पाचवा आहे. म्हणून आज आधीचे प्रश्न आधी घेऊ.

व्यापाऱ्याच्या घरातले पोर शाळेतून आले की दप्तर टाकते आणि गादीवर बसते. दहाव्या वर्षी त्याला खरेदीचा भाव, विक्रीचा भाव, तूट आणि उधारी कळू लागते. मुद्दाम शिकवावे लागत नाही, ते कानावरच पडत असते. आपल्या आजोबांकडे गादी नव्हती. येसकराची काठी होती, गावकीची कामे होती आणि मोबदल्यात बलुते होते. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली, फार चांगले झाले. पुढे आपली माणसे गिरणीत, रेल्वेत, साखर कारखान्यावर, नगरपालिकेत लागली. पण पगाराच्या घरात पैसा येतो तो खर्चायला. पैसा फिरवायचा कसा, हे त्या घरात कानावर पडत नाही. आपल्या पोरांत अक्कल कमी नाही, उणीव एवढीच आहे. आणि ती वहीपेन्सिलीने भरून निघते.

धंदा आपल्या रक्तात नाही असे म्हणणाऱ्यांनी महात्मा फुल्यांचे चरित्र पुन्हा उघडावे. जोतीराव शाळा चालवत होते, ग्रंथ लिहीत होते आणि त्याच वेळी कंत्राटे घेत होते. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या संस्थेत ते होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले, छापखान्याचे खिळे ओतण्याच्या साच्यांची एजन्सीही चालवली. त्यांची चळवळ स्वतःच्या कमाईवर उभी होती, देणगीची वाट पाहत नव्हती. बाबासाहेबांनीही १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची ही कथा. ती आम्ही रडण्यासाठी सांगत नाही. गिऱ्हाईक कोण असणार याचा विचार भांडवलाच्याही आधी करावा लागतो, एवढ्यासाठी सांगतो.

गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या हातात पैसा आहे तो, आणि पैसा केव्हा असतो हेही पाहायचे. आपल्या जिल्ह्यात पैशाचे पंचांग तालुक्यागणिक बदलते. संगमनेर, राहाता, अकोले या बाजूला घरोघरी दूध आहे आणि दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. तिथल्या दुकानदाराची विक्री त्या दिवशी वाढते. पाथर्डी, जामखेडकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मधले महिने गावात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. अशा गावात दिवाळीनंतर साडीचे दुकान टाकणारा माणूस होळीपर्यंत माशा मारत बसतो. तेच दुकान पाडव्याला, लग्नसराईच्या तोंडावर उघडले तर गोष्ट निराळी. नागापूर आणि सुपा औद्योगिक वसाहतीत महिन्याचा पगार आणि दिवाळीचा बोनस. शिर्डीत गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा. आपण जो धंदा योजला आहे त्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कोणत्या तारखेला येतो, हे सांगता आले नाही तर अजून धंदा ठरलेला नाही असे समजावे.

शेळीपालनाचेच पाहा. संगमनेरी शेळी ही आपल्याच जिल्ह्याच्या नावाची जात. दूधही देते, मटणालाही चालते, उन्हाळा सोसते. शेळी पाच महिन्यांत विते. पण बोकड नेहमीच्या आठवडे बाजारात विकला तर एक भाव आणि बकरी ईदेच्या आधी विकला तर दुसरा. ईदेला वर्ष भरलेला, दोन दात आलेला, अंगाने निर्दोष बोकड लागतो. आता ईद दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते. म्हणजे पुढच्या ईदेची तारीख धरून दीड-दोन वर्षे मागे मोजायचे, तेव्हा शेळी कधी लावायची ते कळते. काष्टी, घोडेगावच्या बाजारात मुरलेले लोक हे बोटांवर मोजतात. आपण कागदावर मोजावे, चालेल. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. एका रोगात निम्मा कळप जातो आणि मग बँकेचा हप्ता त्या मेलेल्या शेळ्यांचा भरावा लागतो.

आता हिशेब. समजा, सुप्याला कारखान्याच्या वाटेवर नवरा-बायकोने चहा-पोह्यांची गाडी लावली. दिवसाची विक्री १,५०० रुपये. पोहे, तेल, कांदा, दूध, साखर यांना ८०० गेले. गॅस १२०, कागदी प्लेट आणि कप ६०, येण्याजाण्याचे ६०, जागेचे ४०. एकूण १,०८०. हातात ४२० रुपये राहिले. घरी म्हणतात, रोज चारशे वीस नफा. आम्ही म्हणतो, थांबा. दोघे पहाटे चारला उठले, दुपारी दोनला घरी आले. हीच दोघे दुसरीकडे कामाला गेली असती आणि प्रत्येकी ४०० रुपये रोज मिळाला असता, तर ८०० झाले असते. म्हणजे हा नफा तर नाहीच, पुरती मजुरीही नाही. स्वतःच्या घामाची किंमत शून्य धरली की कोणताही धंदा फायद्याचा दिसतो. बायकोच्या घामाची तर घरात कोणी किंमतच धरत नाही.

मग गाडी बंद करावी काय? नाही. विक्री ३,००० वर नेली तर काय होते ते पाहा. माल १,६००, गॅस २००, प्लेटा १२०. येण्याजाण्याचे ६० तेच, जागेचे ४० तेच. एकूण २,०२०. उरले ९८०. दोघांची मजुरी ८०० काढा, नफा १८०. विक्री दुप्पट झाली, पण काही खर्च तसेच राहिले आणि माणसेही तीच दोन राहिली. म्हणून पहिले सहा महिने एकच ध्यास हवा. त्याच जागेवर, त्याच वेळेत आणखी काय विकता येईल? रात्रपाळी सुटणाऱ्याला चहाबरोबर चपाती-भाजी लागते. डब्याची सोय नसलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी परप्रांतीय पोरे तिथे पुष्कळ आहेत. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, आपापले आकडे आपण घालावेत. पण वही घालूनच. मनातल्या हिशेबात माणूस स्वतःला नेहमी सवलत देतो.

वहीत तीन रकाने पुरतात. आज आले किती, मालाला गेले किती, इतर खर्चाला गेले किती. महिन्यातून एकदा उरलेला माल मोजायचा. बस्स. आजकाल सगळे क्यूआर कोडवर पैसे देतात. तेही चांगलेच आहे, कारण पैसे थेट बँकेत जमतात आणि सहा महिन्यांनी तोच कागद आपली विक्री दाखवायला उपयोगी पडतो. फक्त गिऱ्हाइकाने मोबाईलचा पडदा दाखवला म्हणजे पैसे आले असे धरू नये. आपल्या खात्यात आल्याची खूण पटल्यावरच पुढचे गिऱ्हाईक घ्यावे.

या लेखाच्या मथळ्याकडे आता येतो. आपल्या लोकांचे चालते धंदे आम्ही बुडताना पाहिले, ते बहुतेक गिऱ्हाईक नाही म्हणून बुडाले नाहीत. गल्ल्यातून घर चालवले म्हणून बुडाले. पोराची फी आली, गल्ला. पाहुणे आले, गल्ला. भाचीचे लग्न, गल्ला. १४ एप्रिलची वर्गणी, तीही गल्ल्यातून, आणि ती तर नाही म्हणता येत नाही. दुकानात माल भरायला पैसे उरत नाहीत, फळ्या रिकाम्या दिसतात, रिकाम्या फळीचे दुकान गिऱ्हाईक टाळते. उपाय साधा आहे, पाळायला कठीण आहे. नवरा-बायकोने स्वतःचा पगार ठरवावा आणि आठवड्याला तेवढाच उचलावा. वर्गणी, आहेर, मानपान सगळे त्या पगारातून. जयंतीची वर्गणी जरूर द्यावी, आम्हीही देतो. पण ती आपल्या खिशातली असावी, पोह्यांच्या पोत्यातली नसावी. शक्य असेल तर बँकेत दोन खाती ठेवावीत, घराचे एक, धंद्याचे एक. आमचा अनुभव असा की गल्ल्याची किल्ली घरातल्या बाईकडे असली तर हा नियम जास्त टिकतो. पुरुष वाचकांनी रागावू नये, हवे तर एक महिना करून पाहावे.

दुसरा कर्दनकाळ उधारी. शंभराच्या मालात बारा रुपये सुटत असतील तर बुडालेल्या एका शंभराने आपले अठ्ठ्याऐंशी रुपये नेले. ते भरून काढायला आणखी सात-आठशेचा माल विकावा लागतो. म्हणजे एक बुडवणारा माणूस सात-आठ प्रामाणिक गिऱ्हाइकांची कमाई खातो. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावून भागत नाही, कारण मागणारा आपलाच मावसभाऊ असतो. वस्तीत उधारी पूर्ण बंद करता येत नाही हे आम्ही जाणतो. मग तिला तारीख बांधावी. दुधाच्या गावात दुधाच्या पगाराला, कारखान्याच्या वस्तीत महिन्याच्या पगाराला, टोळीच्या गावात मात्र निघण्यापूर्वी सगळी चुकती. प्रत्येक घराची एक मर्यादा ठरवावी आणि मागची फिटल्याशिवाय पुढची देऊ नये. उधारीची वही गिऱ्हाइकासमोर लिहावी, त्याची सही घ्यावी. पाठीमागे लिहिलेल्या उधारीवरून भाऊबंदकी होते.

आता कर्ज. कर्जाच्या बाजारात सर्वांत आधी दारात येतो तो हातउसने देणारा. ‘शेकडा पाच’ ऐकायला किती लहान वाटते. पण तो दर महिन्याचा असतो, वर्षाला साठ टक्के झाले. परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यातील सहायक निबंधकाकडे करता येते. त्यानंतर येतात मायक्रोफायनान्स कंपन्या. महिलांचा गट करायचा, घरोघरी कर्ज वाटायचे, ठरल्या दिवशी हप्ता. पुष्कळ भगिनी याला बचत गट समजतात. बचत गटात आपली बचत असते, इथे फक्त कर्ज असते. एका बाईच्या नावावर तीन-चार कंपन्यांचे कर्ज आणि एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून, हे चित्र प्रत्येक वस्तीत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घातला की घराच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर त्रास देता येत नाही. हे दोन नियम गटातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ हवेत.

व्याज ‘फ्लॅट’ आहे की घटत्या रकमेवर, हेही विचारावे. दहा हजार घेतले, बारा टक्के फ्लॅट, वर्षात अकरा हजार दोनशे फेडायचे, महिन्याला सुमारे ९३३ रुपये. पण सहाव्या महिन्यात आपल्याकडे दहा हजार कुठे उरले, निम्मेच उरले. व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर चालू. खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातो.

बँकेकडे मुद्रा योजना आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. त्यात शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज असते. लघुउद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, तेव्हा घराचा उतारा मागितला तर कारण लेखी मागावे. शहरातील फेरीवाल्यांसाठी २०२० पासूनची स्वनिधी योजना आहे. तिचे पहिले कर्ज लहान असते, ते वेळेवर फेडले की पुढचे मोठे मिळते. आपल्यासाठी खास म्हणून १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेत बँकेचे कर्ज, महामंडळाचा हिस्सा आणि अर्जदाराचा छोटा हिस्सा अशी रचना असते. खेड्यात कारखानदारी किंवा सेवा उद्योग काढायचा तर २००८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीला ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के, असे प्रमाण ठेवलेले आहे. योजनांच्या मुदती आणि रकमा बदलत राहतात. अर्ज भरण्याच्या दिवशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे, दलालाला विचारू नये. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. अनुदानासाठी धंदा करू नये. अनुदानाच्या मोहाने घेतलेली म्हैस गोठ्यात कमी आणि कागदावर जास्त दूध देते. पुढे बँकेचे दार त्या माणसाला बंद होते आणि त्याच्यामुळे त्याच्या वस्तीतल्या खऱ्या गरजूकडेही साहेब संशयाने पाहतो.

कागदांचे थोडक्यात. जातीचा दाखला आधी नीट वाचावा. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीसाठी राज्यात दाखल्याचा वेगळा नमुना आहे. १९९० च्या केंद्रीय कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल तर कचेरीत अडते. वडिलांच्या, आजोबांच्या १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधून ठेवावा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान विक्रेत्याला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, तिची सरकारी फी वर्षाला शंभर रुपये. याच कामाचे हजार-दीड हजार घेणारे एजंट प्रत्येक तालुक्याच्या कचेरीबाहेर बसलेले असतात.

आलेला नफा ठेवायचा कुठे, हेही नगरकरांना सांगायला हवे. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली, पिग्मीवाला रोज दारात, व्याज बँकेपेक्षा जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण होते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नसते. पिग्मी जरूर करावी, रोजची शिस्त लागते. पण दोन-तीन महिन्यांनी जमा रक्कम काढून बँकेत टाकावी.

धंदा वाढवण्याविषयी तरुण वाचक विचारतात, विशेषतः आयटीआय करून नागापूरला वेल्डिंग, लेथ, पावडर कोटिंगचे काम शिकलेले. यांच्याविषयी आम्हाला सर्वांत जास्त आशा आहे. कारखाना मालाचे माप बघतो. माप चुकले तर मराठ्याचाही माल परत येतो, बरोबर असले तर आपलाही जातो. पण अडचण पैसे अडकण्याची. जॉबवर्क करायचे, बिल द्यायचे आणि तीन-तीन महिने खेटे घालायचे. २००६ च्या कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठी सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. हे कलम बिलाच्या तळाशी छापून घ्यावे. भांडण न करता पुष्कळ काम होते. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के लहान उद्योगांकडून घ्यावी आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून घ्यावी, असे धोरण आहे. मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात स्थापन केलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या बाबतीत माहिती देते. एकट्याने टेंडरचे कागद चाळण्यापेक्षा तिथे एकदा जाऊन यावे.

राहिला तो प्रश्न, जो पत्रात कोणी सरळ लिहीत नाही. ‘गावात आपल्या हातचे खातील का?’ काही गावांत खातात. काही गावांत समोर खातात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. आमचे मत असे की खेड्यात पहिला धंदा खाण्याचा नसावा. मोटार रिवाइंडिंग, मोबाईल दुरुस्ती, बांगड्या, शिलाई, मंडप, पंपाचे सुटे भाग अशा वस्तूंत माणूस अडला की जात विचारत नाही. पोहे आणि भजी एमआयडीसीच्या फाटकावर किंवा शहरात. काही तरुणांना हे माघार घेतल्यासारखे वाटेल. दुकानाच्या पाटीवर आडनाव किंवा महापुरुषांचा फोटो असावा की नसावा, यावरही आमच्याकडे दोन्ही बाजूंची पत्रे आहेत. आम्ही म्हणतो, फोटो काढू नये. जे गिऱ्हाईक फोटो पाहून जाते ते आज ना उद्या जाणारच होते, त्याच्या भरवशावर माल भरला नाही हे बरेच. मात्र गावाने ठरवून व्यवहार तोडला, किराणा बंद केला, गिरणीत दळण घेणे थांबवले, तर ती साधी मंदी नव्हे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर आर्थिक बहिष्कार हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. अशा वेळी उधारीची आणि विक्रीची ती वही पुरावा म्हणून उपयोगी पडते. बहिष्काराच्या आदल्या महिन्यात किती घरे येत होती आणि नंतर किती उरली, हे तारीखवार दाखवता येते.

पुढील अंकात शेळ्यांचा विमा आणि कानातल्या बिल्ल्याविषयी लिहू. या विषयावर ज्यांनी पत्रे पाठवली आहेत त्यांनी शेळ्यांची संख्या आणि तालुका कळवावा, म्हणजे उत्तर नेमके देता येईल.